फूल, मनोरा आणि मधली हवा

एका फोटोत दोन गोष्टी आणायच्या होत्या. दीड हातावरचं नखाएवढं पांढरं फूल आणि दरीपलीकडच्या डोंगरावर उभा असलेला लोखंडी मनोरा. दोन्ही एकाच फोटोत आणि दोन्ही स्वच्छ! फुलाच्या पाकळ्या मोजता आल्या पाहिजेत आणि मनोऱ्याच्या सळ्याही. एवढ्यासाठी तीन माणसं जीव मुठीत धरून निघाली होती. त्यांतल्या एकीच्या नाकाला तर अशा मिरच्या झोंबल्या होत्या, की जीव मुठीत धरायचंही तिला सुचलं नव्हतं.

ती म्हणजे आपली फोटोवाली. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचा स्टुडिओ. आत एक गोल स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे, भिंतीला साखळीने बांधलेला कंगवा, कारण कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून घरी जातात. लोक यायचे, केस सारखे करायचे आणि एकच मागणी करायचे, "मागचं सगळं पुसट करा हो, चेहरा तेवढा उठून आला पाहिजे." फोटोवालीने जन्मभर हेच केलं. नवरी असो की नोकरीचा अर्ज असो, चेहरा लख्ख आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. त्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

आणि त्याच हाताने तिचा घात केला.

झालं होतं असं. गावाच्या वरच्या डोंगरातला एक कडा सुरुंगाने उडवून त्याची खडी करायची, असं एका कंपनीने ठरवलं होतं. त्या कड्यावर एक रोप उगवतं. दुसरीकडे कुठेच नाही, त्याच एका कपारीत. ते शोधलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेत मुलांना झाडंपानं शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. असं दुर्मीळ रोप जिथे उगवतं तिथे सुरुंग लावता येत नाही, हा कायदा. म्हणून मास्तर फोटोवालीला कड्यावर घेऊन गेले. तिने फुलाचा फोटो काढला, अगदी नवरीचा काढावा तसा. फूल असं देखणं आलं की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने तो फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "फूल छान आहे. कुंडी कुठे ठेवली होती?"

सगळं सभागृह हसलं. मागे काही दिसतच नव्हतं ना! नुसता हिरवा-निळा धूर. कडा नाही, दरी नाही, डोंगर नाही. फूल कड्यावरचं की कुणाच्या खिडकीतलं, कोण सांगणार?

मास्तर ताडकन उठले. "चला माझ्याबरोबर, दाखवतो!"

सुनावणीच्या अध्यक्षांनी नुसत्या कल्पनेनेच टेबल घट्ट धरलं. "मला उंचीची चक्कर येते. आणि भावना वगैरे ठीक आहे, पण बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. पुरावा आणा. पुढच्या सोमवारी निकाल. आणि हो, दोन फोटो जोडून एक केलात तर बाहेर काढीन!"

तेव्हा फोटोवाली उभी राहिली. कानशिलं तापली होती. "एकच फोटो आणते," ती म्हणाली. "त्यात हेच फूल असेल आणि तुमच्या कंपनीचा मनोराही असेल. मग मोजत बसा पाकळ्या!"

बाहेर येईपर्यंत गावभर तिचं नाव 'कुंडीवाली' झालं होतं. भाजीवालासुद्धा म्हणाला, "काय कुंडीवाल्या बाई, कोथिंबीर देऊ का, फोटो काढायला?" ती कोथिंबीर तिने त्याच्याच टोपलीत परत टाकली आणि तरातरा घरी आली.

मनोऱ्याची भानगड मास्तरांनी समजावून सांगितली. कंपनीने समोरच्या डोंगरावर मोजणीसाठी मनोरा उभारला होता. त्या डोंगराला दोन सुळके. गावातून बघा, रस्त्यावरून बघा, मनोरा या नाही तर त्या सुळक्याआड लपतो. मात्र फुलाच्या कपारीत उभं राहिलं की तो बरोब्बर दोन सुळक्यांच्या मधे दिसतो! चार पावलं इकडेतिकडे झालात की गेला.

"म्हणजे फूल आणि सुळक्यांमधला मनोरा एका फोटोत आला," फोटोवाली म्हणाली, "की जागा सांगायला साक्षीदारच नको."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली आणि मग गुडघा धरून कळवळले.

बोलणं सोपं होतं. फोटोवालीने गच्चीवर प्रयोग सुरू केले. दोरीला कपड्यांचा एक चिमटा लावला, ते झालं फूल. लांबच्या कारखान्याचं धुराडं, तो झाला मनोरा. चिमट्यावर फोकस केला तर धुराडं पुसट. धुराड्यावर केला तर चिमट्याचा ठिपका. मग तिने भिंगामागचं भोक बारीक केलं. 'भोक' हा तिच्या वडिलांचा शब्द, धंदा त्यांनीच शिकवलेला. भोक जितकं बारीक तितकं जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट व्हायला लागतं. गंमत अशी की आकडा वाढवला की भोक लहान होतं, सगळा उलटा कारभार! तिने हट्टाने भोक होतं तितकं बारीक केलं, तर सगळाच फोटो मऊ पडला, कुठेच धार नाही. अति तिथे माती. एक पायरी मागे आली तशी धार परत आली.

तरीही एक तरी गोष्ट हुलकावणी द्यायचीच. शेवटी वैतागून तिने नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा इथे उभे राहा बरं. चिमटा जितका लांब आहे ना, त्याच्या दुप्पट अंतरावर. हां, तिथेच!"

नवरा वर्तमानपत्रासकट उभा राहिला. तिने त्याच्या सदऱ्याच्या गुंडीवर फोकस केला आणि त्याला बाजूला व्हायला सांगून बटण दाबलं. चिमटा लख्ख! धुराडं लख्ख! विटासुद्धा दिसत होत्या!

"चिमट्यावर नाही, धुराड्यावर नाही," ती जवळजवळ नाचली. "मधे! फोकस मधे करायचा!"

"बायको आणि बहीण यांच्यामधे मी वर्षानुवर्षं उभा आहे," नवरा म्हणाला. "माझा काहीतरी उपयोग आहे हे आज कळलं."

त्याची ही बहीण, म्हणजे फोटोवालीची नणंद, अग्निशमन दलात होती. एका जागी ठरायची नाही म्हणून लहानपणापासून तिला भिंगरीच म्हणायचे. दोर, गाठी, उंच शिड्या हा तिचा रोजचा खेळ. तिने वहिनीची तयारी बघितली आणि काही न विचारता स्वतःचं हेल्मेट आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं. "तुला एकटीला सोडलं तर दादा माझा जीव खाईल," एवढंच म्हणाली.

नवऱ्याने दारात नणंद-भावजयींकडे आळीपाळीने बघितलं. "फोटो नाही आला तरी चालेल," तो म्हणाला.

"चालणार नाही," फोटोवाली म्हणाली.

डोंगराच्या पायथ्याशीच पहिली माशी शिंकली. रस्त्यावर नवं फाटक आणि फाटकाला कुलूप! राखणदार खुर्चीवरून उठलाही नाही. "वाट बंद. वरून हुकूम आहे."

"वरून म्हणजे देवाकडून?" मास्तरांनी विचारलं.

"कंपनीकडून. कुंडीवाल्या बाईला तर मुळीच सोडायचं नाही, असं नावानिशी सांगितलंय."

फोटोवाली वळली, फाटकाच्या कडेने उतरली आणि थेट ओढ्याच्या पात्रात जाऊन उभी राहिली. "ओढ्याला फाटक आहे का?" तिने खालून विचारलं.

राखणदाराचा आ वासला. "ओढ्यातून? अहो, वर घळ आहे! माणूस जात नाही तिथून!"

"ओढा काही कंपनीच्या बापाचा नाही!" ती म्हणाली, आणि चालायला लागली.

घळ खरोखरच वाईट होती. दोन्ही बाजूंनी काळ्या भिंती वर गेलेल्या, आभाळाची नुसती पट्टी उरलेली, आणि तळाशी शेवाळलेल्या गोट्यांवरून पाणी धावत होतं. बोलायचं तर ओरडावं लागे. मास्तर मधे, त्यांच्यापुढे भिंगरी, मागे फोटोवाली. तिच्या पाठीवर कॅमेरा, खांद्यावर वडिलांचा जुना जडशीळ ट्रायपॉड आणि हातात मोठी छत्री. छत्री पावसासाठी नव्हती. बारीक भोकातून उजेड कमी येतो, म्हणून फोटो निघायला वेळ लागतो, एक अख्खा श्वास घेण्याइतका. तेवढ्या वेळात वाऱ्याने फूल हललं की संपलं! तेव्हा फुलाला आडोसा म्हणून छत्री.

एका वळणावर डोह लागला. कमरेइतकं पाणी, भिंतीला धरायला एक अरुंद धार. भिंगरी पलीकडे गेली. मास्तर गेले. फोटोवालीने पाऊल टाकलं आणि पाय सटकला! थंड पाणी छातीपर्यंत आलं. तिने दोन्ही हातांनी कॅमेऱ्याची पिशवी डोक्यावर धरली. छत्री सुटली. एकदा गिरकी घेतली, दगडाला आपटली, उघडली आणि प्रवाहाबरोबर दिसेनाशी झाली.

"वहिनी! दोर धर!"

"हात कुठेत धरायला?"

भिंगरीने तिला काखेत दोर अडकवून ओढून काढलं. फोटोवाली काठावर आली, पिशवी उघडली, कॅमेरा चाचपला. कोरडा! मग तिने दात वाजवत विचारलं, "छत्री?"

"ती समुद्रावर निघाली," मास्तर म्हणाले. "पोरी, अजूनही परत फिरता येईल."

"छत्री गेली, मी आहे ना," फोटोवालीने केस पिळले. "चला."

घळीच्या वर मोकळ्या दगडांची चढण होती. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली यावं, असा हिशेब. दगड सुटायचे, खडखडत खाली जायचे आणि बराच वेळ त्यांचा आवाज येत राहायचा. मास्तर घामाघूम झाले होते. दर थांब्यावर ते खिशातून एक छोटी घट्ट झाकणाची डबी काढत, गुडघेदुखीच्या दोन गोळ्यांकडे बघत आणि डबी परत ठेवत. "वरसाठी राखून ठेवतोय," म्हणत. संध्याकाळी वरच्या कपारीखाली पोचले तेव्हा उजेड विझत आला होता. तिघं पाठीला पाठ लावून कसेबसे झोपले.

उजाडताच भिंगरीने दोर एका मजबूत झाडाच्या बुंध्याला बांधला आणि वहिनीच्या आणि स्वतःच्या कमरेला अडकवला. इथून पुढे कड्याच्या पोटातून एक अरुंद पट्टी गेली होती, माणूस भिंतीला चिकटून चालेल एवढी, आणि टोकाला जरा रुंद झाली होती. तिथेच ते रोप. खाली सरळ दरी.

मास्तरांनी पट्टीकडे बघितलं, मग गुडघ्यांकडे. "मागच्या खेपेला कसाबसा गेलो होतो, आता घळीने गुडघे पुरते घालवले. मी इथेच बसतो. पण रिकामा नाही बसणार." त्यांनी गळ्यातली शाळेची शिट्टी काढली. "वारा खालून येतो. आधी ते खालचं गवत झोपतं, मग वारा तुमच्यापर्यंत येतो. गवत झोपलं की शिट्टी. शिट्टी वाजली नाही तर समजा, शांत आहे."

दोघी पट्टीवरून सरकत निघाल्या. छाती भिंतीला, टाचा हवेत. फोटोवालीने खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिने बघितलं! आणि जागच्या जागी भिंतीला मिठी मारली.

"वहिनी, माझ्या हेल्मेटकडे बघ. हेल्मेटवर काय लिहिलंय?"

"अग्निशमन."

"पुढे?"

"पुढे काही नाही!"

"मग तेच वाचत ये."

ती 'अग्निशमन, अग्निशमन' म्हणत टोकाला पोचली. आणि तिथे ते होतं. खडकाच्या भेगेत, काड्यांवर पाच-सहा पांढरी फुलं. त्यांतली बरीच कोमेजलेली. ताजं असं एकच उरलं होतं. आणि त्याच्यापलीकडे, अफाट दरी ओलांडून, दोन सुळके. सुळक्यांच्या मधोमध सुईसारखा मनोरा!

तिने ट्रायपॉड रोवला. कॅमेरा बसवला. फूल खालच्या कोपऱ्यात, मनोरा वर. एवढ्यात वारा थांबला, शिट्टी नव्हती. "आत्ता!" भिंगरी ओरडली. फोटोवालीच्या हाताने झपकन भिंगाचं कडं फिरवलं आणि बटण दाबलं. क्लिक!

पडद्यावर फूल आलं. काय देखणं! दवाचा थेंबसुद्धा दिसत होता. आणि मागे धूर.

"अगं बाई गं!" तिने कपाळावर हात मारला. हाताने आपणहून फुलावर फोकस केला होता. हाताला तेवढंच ठाऊक! चेहरा धर, बाकीचं सोड. तिला स्वतःच्या बोटांचा असा राग आला की चावावीशी वाटली.

"मधे करायचा ना?" भिंगरी म्हणाली. "फुलाच्या दुप्पट अंतरावर?"

"हो."

दोघींनी समोर बघितलं. फुलाच्या दुप्पट अंतरावर काय होतं? हवा! फुलानंतर कडा संपत होता आणि दरी सुरू होत होती. कॅमेरा बिचारा हवेत कशावर फोकस करणार?

"इथे दादा कुठून आणायचा!" भिंगरी म्हणाली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. वारा आदळला. फूल थडथडायला लागलं. वर ढगाची एक जाड लाट सुळक्यांवरून खाली उतरत होती. मनोरा अर्धा गेला, पूर्ण गेला. आता समोर फक्त पांढरं. त्या दोघी भिंतीला पाठ लावून बसल्या. बोटं गारठली, ओठ फुटले. झाडाकडून मास्तरांचा आवाज आला, "पोरींनो, जमत नसेल तर या परत! मी कुणाला काही बोलणार नाही!"

फोटोवालीच्या डोळ्यांसमोर ते सभागृह आलं. तो वकील, लांब धरलेला फोटो. कुंडी कुठे ठेवली होती? या ढगाला काय कळणार होतं! ढगापेक्षा ती जुनी हट्टी होती.

"भिंगरे," ती एकदम म्हणाली. "अंतर म्हणजे अंतर. समोर मोजलं काय आणि बाजूला मोजलं काय!"

"म्हणजे?"

"दोराचं मोकळं टोक दे!"

तिने दोराचं टोक भिंगाला टेकवलं आणि दोर फुलापर्यंत ताणून तिथे गाठ मारली. मग तेवढाच दोर आणखी एकदा घेतला. दुप्पट! हा दोर तिने समोर नाही, बाजूला ताणला, आल्या वाटेने, पट्टीच्या दिशेने. "जा, तिथे हेल्मेट धर. दोर संपतो तिथे. अक्षरं माझ्याकडे."

भिंगरी सरकत गेली आणि हेल्मेट पुढे धरलं. फोटोवालीने कॅमेरा ट्रायपॉडवरच बाजूला वळवला. 'अग्निशमन'. कडं हळूहळू फिरवलं. अक्षरं पुसट, जरा बरी, स्वच्छ! पिशवीतून चिकटपट्टी काढली आणि कडं भिंगाला करकचून चिकटवून टाकलं. एक वेढा, दुसरा वेढा, वर आणखी एक, स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता म्हणून. आता कॅमेरा समोर वळवला. फोकस होता तिथेच राहिला, मधल्या हवेवर.

"वहिनी, तू पोचलेली आहेस!" भिंगरी परत आली आणि मग गंभीर झाली. "पण वारा? छत्री नाही."

उत्तराची वाट न बघता ती कड्याच्या धारेवर, फुलाच्या वाऱ्याकडच्या बाजूला, आडवी झाली. एक खांदा अक्षरशः हवेत. दोर ताणला. "मी छत्री. घे फोटो."

"वेडी आहेस का!"

"आग विझवायला जाते तेव्हा विचारतेस का? घे म्हणते ना!"

ढग हलला. एक सुळका उगवला. दुसरा उगवला. मधे काहीच नाही. मग, एक रेघ. मनोरा! शिट्टी वाजत होती, वाजत होती. थांबली.

फूल डुललं. आणखी एकदा. स्थिर झालं.

फोटोवालीने बटण दाबलं आणि हात काढून घेतला, धक्का लागू नये म्हणून. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला. एक. दोन. भिंगामागची झडप उघडली. कुणी श्वास घेतला नाही. झडप मिटली.

तिने फोटो पडद्यावर मोठा केला. फूल... पाकळ्या पाच. मग वर सरकवला. सुळके. मनोरा. सळ्यांचे तिरके काप, आणि अगदी टोकाला बसलेला एक काळा पक्षी.

"आला!" ती एवढ्या जोरात ओरडली की सुळक्यांनीही 'आला' म्हटलं. "आला गं बाई! पक्ष्यासकट आला!"

आणि वरून कडकड आवाज झाला.

"भिंतीला चिकट!" भिंगरी किंचाळली. रात्रीच्या दवाने सैल झालेले दगड सुटले होते. एक फुलापासून वीतभर अंतरावर फुटला. दुसरा ट्रायपॉडच्या पायावर बसला. ट्रायपॉड कलला. कॅमेऱ्यासकट दरीत निघाला! फोटोवालीने झेप घेतली. कॅमेऱ्याचा पट्टा हातात आला, आणि पायाखालची कड गेली.

दोर खाडकन ताणला. ती लोंबकळत होती. कमरेला दोर, उजव्या हातात पट्टा आणि पट्ट्याला कॅमेरा, कॅमेऱ्याला वडिलांचा तो जडशीळ ट्रायपॉड. हात खांद्यातून निखळतोय की काय असं वाटत होतं. वर भिंगरी दोर धरून पालथी पडली होती.

"वहिनी, सोड तो! एवढं वजन मला ओढवत नाही!"

"फोटो आत आहे!"

"अगं, तूच गेलीस तर फोटो कोण दाखवणार!"

खरं होतं. पण सोडायचं म्हणजे फोटो सोडायचा का? मुळीच नाही! तिने दात-ओठ खाऊन कॅमेरा छातीपर्यंत ओढला. गुडघ्यात ट्रायपॉड दाबला. अंगठ्याच्या नखाने बाजूचं छोटं दार उघडलं, आतलं फोटो साठवायचं कार्ड दाबलं, कार्ड वर आलं. दोन्ही हात अडकलेले. तिने मान वाकवली आणि कार्ड दातांत धरलं. मग कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं. किती नवऱ्या, किती बाळं, किती पासपोर्ट त्यातून गेले होते! तिने मूठ उघडली.

कॅमेरा बराच वेळ पडत होता. मग खालून एक बारीकसा आवाज आला.

"हं," ती दात आवळूनच म्हणाली. "ओढ."

झाडापाशी पोचल्यावर ती मास्तरांच्या शेजारी बसून ढसाढसा रडली. मास्तरांनी डबी काढली, आतल्या उरलेल्या दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि रिकामी डबी पुढे केली. "यात ठेव. झाकण पाण्यालाही दाद देत नाही. परतीला डोह आहे."

सोमवारी सभागृहात मावेना. कुंडीवाली आली म्हणून लोक सरकून बसले. फोटो दाराएवढा मोठा छापला होता. भिंगरी आणि नवऱ्याने दोन टोकं धरून तो उभा केला, आणि हसू आपोआप बंद झालं. खाली फूल, इतकं जवळ की हात लावावा. वर सुळके, मनोरा, पक्षी.

वकील चष्मा पुसून पुढे आला. "जोडलेला आहे. एवढं सगळं एका वेळी दिसतच नाही. फोकस कशावर केलाय?"

"हवेवर," फोटोवाली म्हणाली, आणि कार्ड टेबलावर ठेवलं. "हे घ्या. लावा आणि बघा. कात्री लागली असेल तर गावासमोर नाक घासते."

जाणकारांनी कार्ड तपासलं. एकच फोटो, एकसंध. अध्यक्ष भिंग घेऊन पाकळ्या मोजायला लागले.

वकिलाने हार मानली नाही. "ठीक आहे. पण डोंगर दहा ठिकाणांहून दिसतो. हा याच कड्यावरून काढला कशावरून?"

अध्यक्षांनी मान वर केली. "मनोरा कुणी उभारला?"

कंपनीचा इंजिनिअर कोपऱ्यात बसला होता. तो उठला, फोटोपाशी आला. सुळक्यांच्या मधल्या त्या रेघेवर त्याने बोट ठेवलं.

"मी उभारला," तो म्हणाला. "सुळक्यांच्या मधोमध तो एकाच जागेवरून दिसतो. पहिला सुरुंग जिथे लावायचा, त्या कड्यावरून. मनोरा सरळ आहे की नाही हे बघायला मी दिवसभर तिथे उभा होतो."

"मग हे फूल तुम्हाला दिसलं असेल," अध्यक्ष म्हणाले.

इंजिनिअरने मान खाली घातली. "मी समोर बघत होतो, साहेब. पायाशी बघितलंच नाही."

मास्तरांनी नाक शिंकरलं, चांगलं मोठ्याने. अध्यक्षांनी भिंग खाली ठेवलं आणि निकाल सांगितला. कड्याला हात लावायचा नाही. फाटक काढायचं.

पायऱ्यांवर वकील त्यांच्या बाजूने घाईघाईने उतरत होता. फोटोवालीने त्याला हाक मारली. "वकीलसाहेब, पासपोर्टचा फोटो लागला तर या हो! बाजूला कुंडी ठेवीन!"

वकील गेला. भिंगरी हसून हसून पायरीवरच बसली, आणि मग तिला आठवलं. "पण वहिनी, फोटो काढणार कशाने? कॅमेरा तर दरीत आहे."

फोटोवालीने पदर खोचला आणि डोंगराकडे बघितलं.

"आहे ना," ती म्हणाली. "आणू की. वाट माहीत आहे, आणि आता फाटकही नाही."